श्रद्धा, ओळख आणि स्त्रियांचे लेखन : जनाबाईंपासून बेबीताई कांबळेंपर्यंत



३ जानेवारी आला की शाळाशाळांतून सावित्रीबाईंची जयंती साजरी होते. मुली लुगडं नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून येतात. भाषणं होतात. पहिली शाळा, अंगावर फेकलेलं शेण आणि चिखल, प्लेगच्या साथीतलं मरण, हे सगळं मुलांना तोंडपाठ असतं. पण सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ साली छापला गेला होता, म्हणजे त्या कवयित्रीही होत्या, हे किती मुलांना सांगता येतं? आणि त्याच्या पुढच्याच वर्षी फुले दांपत्याच्या शाळेतल्या एका मुलीने लिहिलेला निबंध छापून आला होता, हे किती जणांना माहीत असतं?

आपण स्त्रियांनी काय केलं ते शिकवतो. त्यांनी काय लिहिलं, ते मात्र राहून जातं. म्हणून आजच्या पाठात आपण एकच प्रश्न घेऊन चालूया. स्त्रीची श्रद्धा आणि तिची ओळख यांचा तिच्या लेखनाशी काय संबंध असतो? आणि त्या लेखनाने समाज खरोखर बदलतो का?

हा पाठ आठवी ते दहावीच्या मुलांना आणि डी.एड.च्या छात्राध्यापकांना उपयोगी पडेल. प्राथमिकच्या मुलांसाठी शेवटी दिलेले उपक्रम घ्यावेत.

१) आधी दोन शब्द समजून घेऊ

श्रद्धा म्हटलं की आपल्याला देवघर आणि पूजा आठवते. पण श्रद्धा तेवढीच नसते. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणत्या दिवशी कशाला शिवायचं नाही, विधवेने काय नेसायचं, मुलीने अक्षर शिकावं की नाही, या सगळ्या गोष्टी एके काळी धर्माच्या नावानेच ठरत होत्या. म्हणजे श्रद्धा ही मनात असते तशी स्वयंपाकघरात, पाणवठ्यावर आणि शाळेच्या दारातही असते.

ओळख म्हणजे 'मी कोण?' या प्रश्नाचं उत्तर. ती दोन प्रकारची असते. एक ओळख दुसऱ्यांनी दिलेली. अमक्याची मुलगी, तमक्याची सून, ह्या जातीची, त्या धर्माची, सवाष्ण किंवा विधवा. दुसरी ओळख आपण स्वतः सांगितलेली. आता बघा, उखाण्यात बाई नवऱ्याचं नाव घेते, पण तिचं स्वतःचं नाव त्यात येतंच असं नाही.

या दोन ओळखी जुळत असतील तर बाईला वेगळं काही सांगायची गरज वाटत नाही. पण लोक म्हणतात ती मी नव्हे, असं जेव्हा तिला वाटू लागतं, तेव्हा ती बोलते, गाते, लिहिते. आणि हे सांगायला तिला शब्द कुठून मिळतात? बहुतेक वेळा श्रद्धेतूनच. हाच आजच्या पाठाचा मुख्य मुद्दा आहे. श्रद्धा स्त्रीसाठी कुंपणही झाली आणि दारही झाली. काही जणी श्रद्धेच्या आत राहून बोलल्या, काहींनी तिला प्रश्न विचारले, काहींनी धर्मच बदलला. वाटा वेगळ्या, पण प्रश्न एकच होता : देवासमोर किंवा धर्मात माझी जागा कोणती, आणि ती ठरवणार कोण?

२) संत स्त्रिया : देवाशी थेट बोलणं

मराठीतली पहिली कवयित्री म्हणून महदंबेचं नाव घेतलं जातं. तिला महदाइसा असंही म्हणतात. तेराव्या शतकातली ही महानुभाव पंथाची साध्वी. चक्रधर स्वामींनी आपल्या पंथात स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला होता. महदंबा प्रश्न विचारणारी शिष्या होती, आणि तिचे प्रश्न पंथाच्या ग्रंथांत नोंदले गेले. तिने रुक्मिणीच्या विवाहावर रचलेले 'धवळे' म्हणजे लग्नात गायची गाणी. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पंथाने जागा दिली आणि जे रचलं ते जपूनही ठेवलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

जनाबाई मूळच्या गंगाखेडच्या, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या. पंढरपूरला नामदेवांच्या घरी त्या कामाला होत्या. आपल्या अभंगांत त्या स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात. वरवर पाहिलं तर ही दुसऱ्याने दिलेली ओळख झाली. पण त्यांच्या अभंगांत विठ्ठल काय करतो? तो त्यांना दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. देव दासीच्या कामात हात घालतो! म्हणजे जे काम हलकं मानलं जात होतं, त्याच कामाला जनाबाईंनी देवाच्या शेजारी नेऊन बसवलं. लोकलाज सोडून भर बाजारातून भजन करत जाण्याची भाषाही त्यांच्या अभंगात आहे. घराबाहेर पडायला, मोठ्याने गायला त्यांना भक्तीने हिंमत दिली.

सोयराबाई म्हणजे संत चोखामेळा यांच्या पत्नी. त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांनी विटाळावरच बोट ठेवलं. विटाळाशिवाय कोणाचा देह जन्माला आला आहे, असा त्यांचा सवाल होता. सातशे वर्षांपूर्वी जातीने अस्पृश्य ठरवलेली एक बाई हे विचारते, आणि तेही देवाचं नाव घेऊन. हा प्रश्न आजही वर्गात विचारला तर मुलं गप्प होतात. मुली तर जास्तच.

सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाई (१६२८-१७००) यांची गोष्ट वेगळी आहे. मुलांचा इथे घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगतो. ह्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. संत बहिणाबाई जन्माने ब्राह्मण, आणि त्यांनी गुरू मानलं ते तुकाराम महाराजांना. तुकारामांनी आपल्याला स्वप्नात उपदेश केला असं त्या सांगतात. ब्राह्मण घरातल्या बाईने शूद्र मानलेल्या संताला गुरू करायचं, हे त्यांच्या नवऱ्याला सहन झालं नाही. त्यांना मार खावा लागला. हे सगळं त्यांनी अभंगांतून सांगून ठेवलं आहे. मराठीत एका स्त्रीने आपलं आयुष्य आपल्याच शब्दांत सांगितल्याचं हे फार जुनं उदाहरण आहे. शिवाय जन्माने कोणी ब्राह्मण ठरत नाही असं मांडणारी 'वज्रसूची' त्यांनी मराठीत आणली. घर सोडलं नाही, नवराही सोडला नाही, पण गुरू कोण ते त्यांनी स्वतः ठरवलं.

या चौघींमध्ये समान काय? देवाशी बोलायला मध्ये कोणी लागत नाही, हा विश्वास. तो विश्वास त्यांचा आवाज झाला. मग समाज बदलला का? खरं सांगायचं तर फारसा नाही. अभंग गायले गेले, पालख्या निघाल्या, पण मुलींच्या शाळा निघाल्या नाहीत आणि मंदिराची दारंही उघडली नाहीत. त्यासाठी आणखी एक गोष्ट लागणार होती. ती म्हणजे अक्षर आणि छापखाना.

३) मुक्ता साळवे : शाळकरी मुलीचा निबंध

१८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. त्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली एक मुलगी म्हणजे मुक्ता साळवे. महार आणि मांग लोकांच्या दुःखावर तिने निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला.

या निबंधात ती काय करते ते नीट बघा. ती आधी दुःख सांगत बसत नाही, ती तर्क करते. वेद फक्त आमचेच आहेत असं ब्राह्मण म्हणतात. बरं, मग आमचं धर्माचं पुस्तक कोणतं? आम्हाला पुस्तकच नाही, म्हणजे आम्ही धर्माशिवायचे लोक आहोत का? शेवटी ती थेट देवालाच विचारते, की आमचा धर्म कोणता ते तूच सांग. ज्या धर्मात एकानेच सगळं भोगायचं आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघत राहायचं, असा धर्म असूच नये, असं ती स्पष्ट म्हणते. पुढे ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाचे हाल लिहिते. डोक्यावर छप्पर नाही, थंडीवारा सोसत बाळंत व्हायचं. हे तिने पुस्तकात वाचलेलं नव्हतं, वस्तीत पाहिलं होतं.

शाळकरी वयाच्या मुलीचं हे लेखन आहे. फक्त काही वर्षांच्या शाळेने एवढं झालं. आपण निबंध शिकवताना 'माझा आवडता ऋतू' आणि 'माझी आई' यांच्या पुढे फारसे जात नाही. मुक्ताच्या गुरुजींनी आणि बाईंनी तिला काय विचारायची मोकळीक दिली असेल, याचा आपण शिक्षकांनी जरूर विचार करावा.

४) ताराबाई शिंदे : पोथीतल्या कथांना उलट प्रश्न

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी करून काळ्या पाण्याची केली. त्या काळी उच्च जातीतल्या विधवेला पुनर्विवाह करता येत नसे. मूल झालं तर बदनामी सगळी तिचीच, पुरुष मात्र नामानिराळा. या खटल्यावर वर्तमानपत्रांतून एकूण सगळ्या बायकांनाच नावं ठेवणारं लिखाण येऊ लागलं.

ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटं पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केलं. त्या मराठा समाजातल्या, घर सत्यशोधक विचारांचं. त्यांनी लेखणी उचलली ती सगळ्याच स्त्रियांसाठी.

त्यांची पद्धत मुलांना फार आवडते. त्या पुराणातल्याच कथा घेतात आणि उलट फिरवतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, ठीक. पण बायकोसाठी यमाकडे गेलेला नवरा कोणी ऐकलाय का? जे दुर्गुण बायकांचे म्हणून सांगतात, ते पुरुषांत नाहीत का? भाषा घरगुती, फटकळ, म्हणी आणि टोमण्यांनी भरलेली. माजघरात ज्या भाषेत बायका बोलत, तीच भाषा त्यांनी छापखान्यात नेली.

टीका खूप झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. आणि हे पुस्तकही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा लोकांसमोर आलं. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षं! लिहिणं एक, आणि लिहिलेलं टिकणं दुसरं. या मुद्द्याकडे आपण परत येणार आहोत.

५) पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक : धर्म बदलला, प्रश्न सुटले का?

आता जरा नाजूक विषय. वर्गात शिकवताना शिक्षकाने इथे सांभाळून, पण न घाबरता बोलावं.

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाबाईंना. दुष्काळात आईवडील गेले. पुराण सांगत रमाबाई भावाबरोबर देशभर पायी फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. म्हणजे शास्त्राचीच वाट धरून त्यांना मान मिळाला. पण शास्त्र वाचता वाचताच त्यांना प्रश्न पडला, की ह्यात स्त्रीला मोक्षाचा अधिकार कुठे आहे?

त्यांनी बंगाली, वेगळ्या जातीच्या बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं. पती दोनच वर्षांत वारले. तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाज काढला. 'स्त्रीधर्मनीति' हे त्यांचं मराठी पुस्तक १८८२ सालचं. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका तयार व्हाव्यात असं त्यांनी मांडलं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८७ मध्ये उच्च जातीतल्या हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघालं. त्यातून मदत उभी राहिली आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

इथे मुलं हमखास विचारतात, 'धर्म बदलल्यावर त्या मोकळ्या झाल्या का?' उत्तर सरळ नाही. इकडे केसरीने आणि पुण्यातल्या अनेकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. काही मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ मध्ये मोठं वादळ झालं, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि सुधारकांनीही हात काढून घेतला. दुसरीकडे इंग्लंडमधल्या चर्चच्या लोकांनाही त्या 'आज्ञाधारक' वाटल्या नाहीत. पाद्री सांगतात म्हणून मानायचं, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. एका पुरोहिताच्या हुकमातून सुटून दुसऱ्याच्या हुकमात जायला मी आलेले नाही, असा त्यांच्या पत्रव्यवहाराचा एकूण सूर आहे. शाकाहार त्यांनी तिकडेही सोडला नाही. नवा धर्म त्यांनी घेतला, पण आपल्या अटींवर.

पुढे दुष्काळातल्या अनाथ मुली आणि विधवा यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथे मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही साध्या बायकांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत. ते छापण्याचं कामही तिथल्या स्त्रियांनीच केलं. ज्या बायकांना धर्मग्रंथ ऐकण्याचाही अधिकार नाही असं एके काळी सांगितलं गेलं, त्यांच्याच हातांनी धर्मग्रंथाचे खिळे जुळवले गेले. धर्माची बाजू कोणतीही घ्या, ही गोष्ट लहान नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी. त्यांचं बालपण नाशिक भागात, कडक सोवळ्याच्या घरात गेलं. बाजारातून आणलेल्या वस्तू धुऊन घ्यायच्या, इतकं वडिलांचं सोवळं. लहानपणीच कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि बायकोला पत्ता नाही! नवरा जिवंत, पण त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे जात आणि माहेर दोन्ही सोडायचं. काही वर्षं त्या नातेवाइकांत राहिल्या. मग टिळकांकडे परत आल्या, पण लगेच धर्म बदलला नाही. आधी त्यांनी स्वतःशी विचार केला, की जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असं पटल्यावर त्यांनी शिवाशीव सोडून दिली, आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागोमाग नाही, स्वतःला पटल्यावर.

'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत आलं. शाळेत न गेलेल्या बाईचं हे पुस्तक आजही हसवतं आणि रडवतं. त्यात धर्मावर व्याख्यान नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, पंगतीत कुठे बसायचं, शेजारीण काय म्हणाली, यातूनच सगळा बदल दिसतो. समाज परिवर्तन म्हणजे मोर्चा आणि भाषण असं मुलांना वाटतं. ते पाण्याच्या तांब्यातही होतं, हे लक्ष्मीबाई दाखवतात.

रमाबाईंनी ग्रंथ वाचून धर्म तपासला, लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकघरात तपासला. दोघींच्या लेखनात फरक पडतो तो यामुळेच.

६) १९५६ आणि त्यानंतर : 'आम्ही' असं लिहिणाऱ्या स्त्रिया

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशीही बोलले. जातीची खूण दाखवणारी लुगडं नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडा, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं. लुगड्याची लांबी हीसुद्धा दुसऱ्यांनी दिलेली ओळखच होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या.

या बदलाचं आतून केलेलं वर्णन हवं असेल तर बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचावं. पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात त्यांचं लहानपण गेलं, पुढे त्या फलटणला राहिल्या. छोट्या दुकानात बसून, सामान बांधायच्या कागदांवर त्या लिहीत आणि लिहिलेलं नवऱ्यापासून लपवून ठेवत. वीसेक वर्षं ते असंच लपून राहिलं! पुस्तक आलं १९८६ मध्ये. त्यात देवीचं अंगात येणं आहे, पोतराज आहेत, देवाला सोडलेली मुलं आहेत, उपाशी पोटी केलेले नवस आहेत. सवर्णांनी केलेला छळ आहे, तसाच आपल्याच घरात सुनेला होणारा छळही आहे. मग बाबासाहेबांचे शब्द कानावर पडल्यावर बायका कशा उठल्या, मुलं शाळेत कशी घातली, हे येतं. पुस्तकाच्या नावातच 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. ही ओळख एकटीची नाही, वस्तीची आहे.

शांताबाई कांबळे आपल्यासारख्याच शिक्षिका. सोलापूर जिल्ह्यातल्या. निवृत्तीनंतर त्यांनी आपली गोष्ट लिहिली आणि 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे पुस्तकही १९८६ मध्येच आलं. नावाच्या शुद्धलेखनाकडे बघा. आपण वहीत लाल शाईने 'माझ्या जन्माची' करून दिलं असतं! पण ते शुद्ध केलं असतं तर लेखिकेची ओळखच पुसली गेली असती.

उर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ सालचं. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात. आई ते विणून घर चालवायची, आणि लेकीने त्याच कामाचं नाव पुस्तकाला दिलं. त्याआधी १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, भेटून, त्यांचं बोलणं त्यांनी लिहून घेतलं. तसं केलं नसतं तर त्या बायकांची नावंसुद्धा उरली नसती.

मुस्लिम समाजातही असाच प्रश्न विचारला गेला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत सचिवालयावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद व्हावा ही मागणी होती. फक्त सात जणी! त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई यांनी 'मी भरून पावले आहे' या आत्मकथनात हा काळ सांगितला आहे. आपल्या समाजाला शत्रू न मानता त्यातल्या अन्यायावर बोलणं किती अवघड असतं, हे त्यातून कळतं.

७) लेखनातून समाज बदलतो तो कसा?

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून चार गोष्टी दिसतात.

एक, नाव मिळतं. 'बायकांचं असंच असतं' म्हणून जे सोसलं जात होतं, ते लेखनामुळे 'अन्याय' म्हणून ओळखलं जातं. ताराबाईंनी हे केलं.

दोन, एकटेपणा जातो. एकीने लिहिलेलं दुसरी वाचते आणि तिला कळतं, हे माझ्या एकटीच्या घरात नाही.

तीन, लेखनातून काम उभं राहतं. रमाबाईंच्या पुस्तकातून शारदा सदन उभं राहिलं. शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला, आणि पुढे कर्व्यांची स्त्री शिक्षण संस्था उभी राहिली. धागा असा पुढे जातो.

चार, पुढच्या पिढीला पुरावा मिळतो. मुक्ता साळवेचा निबंध आज आपण मुलींना दाखवू शकतो, की बघ, तुझ्याएवढ्या मुलीने हे लिहिलंय.

पण लेखन एकटं पुरत नाही, हेही तितकंच खरं. मुक्ताला शाळा मिळाली, ताराबाईंच्या पाठीशी सत्यशोधक विचार होता, बेबीताईंना आंबेडकरी चळवळ होती. लेखन, शाळा आणि चळवळ एकत्र आले तिथे बदल झाला. जिथे नुसतं लेखन होतं, तिथे ते कपाटात राहिलं.

८) जे लिहिलंच गेलं नाही, त्याचं काय?

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने आणि नात्यातल्या मंडळींनी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. कागद सापडला नसता तर? अशा कितीतरी बहिणाबाई होऊन गेल्या असतील. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, सीता आहे, भीमराव आहेत, माहेर आहे आणि सासूही आहे. म्हणजे श्रद्धा आणि ओळख दोन्ही, एकाच दळणात.

आता गावोगाव पिठाची गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं आणि ओव्याही थांबल्या. ज्या आज्यांना त्या येतात, त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. पुढच्या दहा वर्षांत कोण उरेल? आपल्या वर्गातल्या मुलामुलींच्या घरातच हे साहित्य आहे, आणि ते आपल्या डोळ्यांसमोर संपत चाललंय. ताराबाईंचं पुस्तक नव्वद वर्षांनी तरी सापडलं, कारण ते छापलेलं होतं. आजीची ओवी आजीबरोबरच जाते.

९) वर्गात घेण्यासाठी उपक्रम

अ) आजीची ओवी : प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या आजीकडून एक ओवी, गाणं किंवा पाळणा ऐकून जसाच्या तसा लिहून आणावा. भाषा शुद्ध करू नये. खाली आजीचं पूर्ण नाव, गाव आणि ती कोणाकडून शिकली हे लिहावं. 'रमेशची आजी' चालणार नाही, तिचं स्वतःचं नाव हवं.

आ) मी कोण? : आपल्याबद्दल पाच वाक्यं लिहायची. अट एकच, कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा, आडनाव, जात, धर्म यांपैकी काहीही लिहायचं नाही. मुलांना हे वाटतं तितकं सोपं जात नाही.

इ) उलटा प्रश्न : ताराबाईंसारखी एखादी माहीत असलेली गोष्ट घ्यावी आणि त्यातल्या बाईच्या बाजूने एक प्रश्न विचारावा.

शिक्षकांसाठी सूचना : या पाठाच्या वेळी कोणत्याही मुलाला त्याची जात किंवा धर्म वर्गासमोर विचारू नये. कोणत्याही धर्माला कमी-जास्त ठरवू नये. आपण स्त्रियांनी विचारलेले प्रश्न शिकवतोय, धर्मांची स्पर्धा लावत नाही. विटाळाचा विषय निघाला तर हसण्यावारी नेऊ नये. मुलींना बोलायचं नसेल तर लिहून द्यायची सोय ठेवावी.

थोडक्यात

जनाबाई श्रद्धेच्या आत राहून मोकळ्या झाल्या. सोयराबाई आणि मुक्ता यांनी देवालाच जाब विचारला. ताराबाईंनी पोथी उलटी वाचली. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांनी विचार करून दुसरा धर्म घेतला, पण स्वतःची बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. बेबीताईंनी जुने देव सोडले आणि माणूस म्हणून नवी ओळख घेतली. एकीची वाट बरोबर आणि दुसरीची चूक, असं यात नाही. सगळ्या जणींनी एक गोष्ट केली. 'तू कोण' हे दुसऱ्यांनी सांगितलं तेव्हा मान डोलावली नाही, आपलं उत्तर आपण दिलं आणि ते मागे ठेवलं.

स्वाध्याय

१. दिलेली ओळख आणि स्वतः सांगितलेली ओळख यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल घरकाम करतो, याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. मुक्ता साळवेने आपल्या निबंधात धर्माविषयी कोणता तर्क मांडला?
४. पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या धर्मांतराच्या वाटांतील फरक लिहा.
५. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे नाव प्रमाण भाषेत बदललं असतं तर काय हरवलं असतं? चर्चा करा.
६. तुमच्या घरातील एखाद्या स्त्रीची अशी कोणती गोष्ट आहे, जी अजून कोणीच लिहून ठेवलेली नाही? ती आठ-दहा ओळींत लिहा.

सहावा प्रश्न ऐच्छिक ठेवू नका. बाकीची उत्तरं पुस्तकात सापडतील, याचं उत्तर फक्त त्या मुलाच्याच घरात आहे.